हातांना पुन्हा काम देणाऱ्या कमलाबाई

मेंदूला इजा झालेला रुग्ण शस्त्रक्रियेने वाचतो, औषधांनी सावरतो. पण तो आपल्या टेबलावर, आपल्या यंत्रापाशी परत जातो का, या प्रश्नाचे उत्तर शोधणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. भारतात या शास्त्राचा पाया घालणाऱ्या कमला निंबकर यांच्या कार्याचा हा परिचय.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ मध्ये येथे जन्मलेल्या नारायण सूर्याजी ठोसर यांनी पुढे सातारा परिसरात आपले कार्य उभे केले आणि महाराष्ट्राला प्रयत्नवाद शिकवला. त्यांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा राखाव्यात, बोरू, शाई आणि कागद यांची निगा कशी घ्यावी, याचा त्यात बारकाईने विचार केलेला आढळतो. अध्यात्माच्या ग्रंथात बोरू आणि दौत यांना जागा मिळावी, यामागे एक व्यवहारी शहाणपण आहे. माणसाची ओळख त्याच्या कामातून होते आणि काम म्हटले की साधने आली.

आज बोरूची जागा मोबाइल आणि संगणकाने घेतली आहे. जांबसारख्या गावातून जालना, पुणे किंवा मुंबईला नोकरीसाठी गेलेला एखादा तरुण दुचाकीवरून पडतो, डोक्याला मार लागतो, शस्त्रक्रिया होते आणि काही आठवड्यांनी तो चालत घरी येतो. नातेवाईक देवाचे आभार मानतात. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पासवर्ड आठवत नाही, संगणकाच्या पडद्याची डावी बाजू नजरेतून सुटते, फोनवर आलेला सांकेतिक क्रमांक टाकेपर्यंत त्याची मुदत संपते. वरून धडधाकट दिसणारा हा माणूस कामचुकार ठरतो आणि काही महिन्यांत नोकरी जाते. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे दगावली. जे वाचले, त्यांतील किती जण आपल्या कामावर परतले, ही चर्चा मात्र आपल्याकडे अभावानेच होते.

ही चर्चा भारतात पाऊण शतकापूर्वी सुरू करण्याचे श्रेय ज्या स्त्रीकडे जाते, ती जन्माने भारतीय नव्हती.

न्यू जर्सी ते मुंबई

कमला निंबकर यांचे माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका क्वेकर कुटुंबात १९०० मध्ये त्यांचा जन्म झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातील शांततावादी पंथ. साधी राहणी, सर्व माणसांची समता आणि सेवा ही त्याची मूल्ये. मनोरुग्णांना साखळदंडात जखडून ठेवण्याची पद्धत युरोपात रूढ होती, त्या काळात इंग्लंडमधील यॉर्क येथे १७९६ मध्ये क्वेकर मंडळींनीच एक आश्रयगृह काढले. रुग्णांना माणुसकीने वागवायचे आणि बागकाम, शिवणकाम अशा उद्योगांत गुंतवायचे, हा तेथील परिपाठ होता. काम हाच उपचार, या विचाराच्या मुळांशी जी नावे येतात त्यांत यॉर्कच्या या संस्थेचे नाव अग्रभागी आहे. म्हणजे एलिझाबेथ लंडी यांनी पुढे ज्या शास्त्राला वाहून घेतले, त्याचे बीज त्यांच्या पंथाच्या परंपरेतच होते.

विष्णू निंबकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांचे आयुष्य भारताशी कायमचे जोडले गेले. त्यांनी कमला हे नाव घेतले. तिशीच्या उंबरठ्यावरची एक अमेरिकन युवती मराठी घराची सून झाली ती केवळ नावापुरती नव्हे. पुढील सुमारे अर्धशतक त्यांनी याच देशाला आपले मानले. त्यांचे पुत्र बनबिहारी निंबकर यांचा जन्म १९३१ चा. महाराष्ट्र त्यांना बॉन निंबकर या नावाने ओळखतो. फलटण येथे शेती आणि पशुसंवर्धन या क्षेत्रांत मूलगामी संशोधन करणाऱ्या बॉन निंबकर यांना २००६ मध्ये पद्मश्री किताब मिळाला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. इरावती कर्वे यांची कन्या आणि लेखिका जाई निंबकर या कमलाबाईंच्या स्नुषा. एवढ्या नामवंतांच्या घरात कमलाबाईंचे स्वतःचे कार्य मात्र सर्वसामान्य वाचकाला फारसे परिचित नाही.

युद्धाने घडवलेले शास्त्र

व्यवसायोपचार हा शब्द ऐकून अनेकांची गफलत होते. हा नोकरी मिळवून देण्याचा उपक्रम असावा असे कुणाला वाटते, तर कुणी त्याला फिजिओथेरपीचेच दुसरे नाव समजतो. दोन्ही शास्त्रे हातात हात घालून चालतात. पण त्यांची नजर वेगळी आहे. लुळ्या पडलेल्या हाताचे स्नायू बळकट व्हावेत, सांधे मोकळे व्हावेत, हा फिजिओथेरपीचा भर. त्या हाताने माणूस चहा करू शकतो का, सदऱ्याची गुंडी लावू शकतो का, हिशेबाची वही लिहू शकतो का, हा व्यवसायोपचाराचा प्रश्न. येथे व्यवसाय म्हणजे केवळ पोटापाण्याचा धंदा नव्हे. दिवसभरात माणूस जे जे करतो आणि ज्यामुळे त्याच्या जगण्याला आकार येतो, ते सारे व्यवसायात मोडते.

या शास्त्राची संघटित सुरुवात १९१७ मध्ये अमेरिकेत झाली. पहिल्या महायुद्धातून जायबंदी होऊन परतणाऱ्या सैनिकांनी त्याला निकड दिली. १९१८ मध्ये फिलाडेल्फिया येथे या विषयाचे विद्यालय निघाले. दुसऱ्या महायुद्धाने ही गरज कितीतरी पटींनी वाढवली. डोक्याला गोळी लागूनही वाचलेले तरुण सैनिक प्रथमच एवढ्या मोठ्या संख्येने रुग्णालयांत दिसू लागले. त्यांना जिवंत ठेवण्याइतकेच त्यांना समाजात परत आणण्याचे आव्हान मोठे होते.

मुंबईत शिक्षणक्षेत्रात काम केलेल्या कमलाबाईंनी चाळीसच्या दशकात अमेरिकेतील याच फिलाडेल्फियाच्या विद्यालयात व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेतले. त्या वेळी त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. संसार मांडून झालेला, मुलगा मोठा होत असलेला, अशा वयात पुन्हा विद्यार्थिदशा पत्करणे सोपे नव्हते. अमेरिकेत या पदविकेवर सुखाची नोकरी मिळू शकली असती. कमलाबाईंनी ती विद्या भारतात आणली.

परळमधील पहिला वर्ग

१९५० मध्ये मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयात कमलाबाईंच्या पुढाकाराने व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू झाले. भारतातीलच नव्हे, तर आशियातील हे अशा प्रकारचे पहिले विद्यालय. महापालिकेच्या या रुग्णालयाची निवड अर्थपूर्ण होती. अवतीभवती गिरणगाव पसरलेले होते. यंत्रात सापडून बोटे गमावलेला कामगार, उंचावरून पडलेला गवंडी, पोलिओने पाय लुळे पडलेले मूल आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला कारकून ही सारी माणसे याच रुग्णालयाच्या आवारात येत. त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता. बरे झाल्यावर काय?

त्या काळी या प्रश्नाचे रूढ उत्तर दया हे होते. अपंगाला घरात बसवावे, दोन वेळा जेवू घालावे आणि त्याच्या नशिबाला बोल लावावा, यापलीकडे समाजाची मजल जात नसे. हातकाम हे शिकलेल्या माणसाचे काम नव्हे, अशीही एक समजूत होती. अशा वातावरणात हातमाग, सुतारकाम आणि टंकलेखन ही उपचाराची साधने आहेत, असे सांगणारे शास्त्र रुजवायचे होते. मागावर बसलेला रुग्ण कापड विणतो एवढेच वरवर पाहणाऱ्याला दिसते. तज्ज्ञाच्या नजरेला त्यात खांद्याची हालचाल, दोन्ही हातांचा मेळ, धाग्यांचा क्रम लक्षात ठेवण्याची कसोटी आणि काही तरी पुरे केल्याचे समाधान दिसते. कोणती कृती कोणत्या रुग्णाला, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने द्यायची, यातच उपचाराचे मर्म आहे.

केईएमचा प्रयोग यशस्वी झाल्यावर पुढे नागपूर येथेही या विषयाचे विद्यालय उभे राहिले. मुंबई आणि नागपूर या दोन टोकांना महाराष्ट्रात व्यवसायोपचाराची केंद्रे विकसित झाली, ती अशी.

जागतिक व्यासपीठावर

विद्यालय काढून कमलाबाई थांबल्या नाहीत. विद्यार्थी बाहेर पडतील, पण त्यांच्या व्यवसायाला ओळख नसेल तर त्यांना रुग्णालयात जागा कोण देणार, हे त्यांनी ओळखले होते. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली, तीत त्यांचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी जागतिक व्यवसायोपचारतज्ज्ञ महासंघाचा जन्म झाला आणि त्याच्या १० संस्थापक देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्या रांगेत भारताचे नाव होते. स्वातंत्र्य मिळून अवघी ५ वर्षे झाली होती आणि भारतातील प्रशिक्षणाला जेमतेम २ वर्षे. तरीही भारत तेथे होता, याचे श्रेय कमलाबाईंच्या दूरदृष्टीला द्यावे लागेल.

पुढील काळात त्यांनी आशियातील पुनर्वसनकार्याला वाहिलेल्या इंग्रजी नियतकालिकाचे संपादन केले. पाश्चात्त्य पुस्तकांतील उपाय आपल्या देशात जसेच्या तसे चालत नाहीत. जमिनीवर मांडी घालून जेवणारा, उकिडवे बसून काम करणारा माणूस खुर्ची-टेबलाच्या मापात बसवून चालत नाही. आशियातील अनुभव आशियातील लोकांनी लिहावा, यासाठी असे व्यासपीठ आवश्यक होते.

१९६८ मध्ये अपंगांना समान संधी मिळवून देण्यासाठी मुंबईत राष्ट्रीय पातळीवरील संस्था उभी राहिली, तिच्यामागेही कमलाबाई होत्या. ख्यातनाम क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची साथ या कार्याला लाभली. संस्थेच्या नावातील समान संधी हे शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत. उपचार, प्रशिक्षण आणि रोजगार या तीन पायऱ्या एकमेकींशी जोडल्या गेल्या नाहीत तर मधल्या फटीत माणूस हरवतो. केईएमच्या वर्गापासून या संस्थेपर्यंतचा त्यांचा प्रवास ही फट बुजवण्याचाच प्रवास होता.

१९७९ मध्ये कमलाबाईंचे निधन झाले. भारतातील पुनर्वसन आणि व्यवसायोपचार यांचा इतिहास सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९८० मध्ये प्रसिद्ध झाले.

हातमागापासून मोबाइलपर्यंत

कमलाबाईंनी घालून दिलेली पद्धत साधनांना बांधलेली नव्हती. म्हणूनच हातमाग आणि टंकयंत्राच्या जागी संगणक आणि मोबाइल आले तरी ती कालबाह्य ठरली नाही. तिचा गाभा आहे कृतीचे विश्लेषण. साधे दिसणारे काम किती पायऱ्यांचे बनलेले आहे आणि रुग्ण नेमका कोणत्या पायरीवर अडखळतो, हे शोधणे.

मोबाइलवरून पैसे पाठवणे हे उदाहरण घेता येईल. फोन उघडणे, योग्य चिन्ह शोधणे, नाव निवडणे, रक्कम टाकणे, ती तपासणे, गुप्त क्रमांक देणे आणि पैसे पोहोचल्याची खात्री करणे. निरोगी माणूस हे काही सेकंदांत उरकतो. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या व्यक्तीला पायऱ्यांचा क्रम लावता येत नाही किंवा मध्येच थांबून तपासण्याचे भान राहत नाही. ज्याची स्मृती दुखावली आहे, त्याला गुप्त क्रमांक आठवत नाही. उजव्या मेंदूला इजा झालेल्याला अनेकदा डाव्या बाजूच्या जगाचा विसर पडतो. त्याचे डोळे ठीक असतात, तरी पडद्यावरील डावीकडचा मजकूर त्याच्या दखलीत येत नाही. चूक एकच दिसते, कारणे तीन असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो.

डावीकडचा मजकूर सुटत असेल तर कागदाच्या किंवा पडद्याच्या डाव्या कडेला ठळक लाल पट्टी लावून, ती दिसेपर्यंत नजर नेण्याची सवय लावली जाते. क्रम चुकत असेल तर पायऱ्यांची चित्रांसह यादी यंत्राशेजारी चिकटवली जाते. स्मृती दगा देत असेल तर शिकवताना चूक होऊच न देण्याची पद्धत वापरतात. कारण अशा रुग्णाला आपण चुकलो होतो हे आठवत नाही, पण हाताला चुकीचे वळण मात्र लागते. विसराळूपणावर मोबाइलचा गजर, दिनदर्शिका आणि नोंदी हे उत्तम औषध ठरते. ज्या यंत्राने माणसाला अडवले, तेच यंत्र त्याची काठी बनते. मात्र नवा, भारी फोन आणून देण्याची घरच्यांची हौस या काळात आवरावी लागते. इजेपूर्वी वापरलेल्या जुन्या फोनवर बोटे सवयीने चालतात आणि ही सवय हीच उरलेली पुंजी असते.

या विषयावर जगात अनेक ठिकाणी काम झाले. इस्रायलमधील लोवेनस्टाइन रुग्णालयातील व्यवसायोपचारतज्ज्ञांनी मेंदूला इजा झालेल्यांची आकलनक्षमता जोखण्याची कसोटी तयार केली. ती आज अनेक देशांत वापरली जाते. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी दैनंदिन तंत्रज्ञान वापरण्याची क्षमता मोजण्याच्या स्वतंत्र पद्धती विकसित केल्या. रुग्ण स्वतः काय सांगतो आणि प्रत्यक्ष यंत्र हाताळताना काय घडते, या दोन्हींची त्यात दखल घेतली जाते. यंत्र वापरता येणे ही आता स्वयंपाक करता येण्याइतकीच मूलभूत गोष्ट आहे, हा त्यामागील विचार.

कामाच्या जागेचा विचार तर याहूनही पुढचा. दवाखान्याच्या शांत खोलीत संगणक उत्तम हाताळणारा रुग्ण कार्यालयाच्या गजबजाटात गोंधळतो. मेंदूच्या इजेनंतर येणारा थकवा बाहेरून दिसत नाही, पण दुपारनंतर चुका वाढतात. म्हणून आरंभी दिवसाला दोन-तीन तास, मग अर्धा दिवस आणि नंतर पूर्ण दिवस असे टप्पे पाडले जातात. शक्य तेथे तज्ज्ञ कामाच्या जागी जाऊन पाहणी करतात. टेबल खिडकीपासून किंवा येण्याजाण्याच्या वाटेवरून हलवणे, एका वेळी एकच काम सोपवणे, तोंडी सूचनेऐवजी लेखी सूचना देणे, हजेरीच्या यंत्रावर लुळ्या हाताऐवजी दुसऱ्या हाताच्या बोटाची नोंद करणे, असे उपाय अगदी स्वस्त असतात. त्यासाठी लागते ती साहेबांची आणि सहकाऱ्यांची समजूत.

कायदा आहे, माणसे हवीत

अशा कर्मचाऱ्याच्या बाजूने कायदाही उभा आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढू नये किंवा त्याची पदावनती करू नये, ही तरतूद १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती कायम राहिली. मूळ काम झेपत नसेल तर तेवढ्याच वेतनाचे दुसरे काम द्यावे, असे कायदा सांगतो. ही तरतूद शासकीय आस्थापनांसाठी आहे. खासगी कंपनीतील कारकून, दुकानातील हिशेबनीस किंवा मालवाहू गाडीचा चालक यांना तेवढे भक्कम कवच नाही. शिवाय कायदा नोकरी वाचवतो, पण नोकरी करण्याची क्षमता परत आणून देत नाही. ते काम व्यवसायोपचारतज्ज्ञाचे.

नेमकी येथेच उणीव जाणवते. महाराष्ट्रातील व्यवसायोपचाराची जुनी शासकीय आणि महापालिकेची विद्यालये मुंबई आणि नागपुरात आहेत. मराठवाड्यातील खेड्यातल्या रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात नेले जाते, कर्ज काढून बिल भरले जाते आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा उपचारासाठी शहर गाठणे कुणालाच परवडत नाही. मेंदू सावरण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो आणि नेमके तेच महिने घरी खाटेवर वाया जातात. संबंधित आरोग्य व्यवसायांचे नियमन करणारा केंद्रीय कायदा २०२१ मध्ये झाला आणि त्यात व्यवसायोपचारतज्ज्ञांचा समावेश झाला. जिल्ह्याजिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघत आहेत. जालन्याच्या महाविद्यालयालाही २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. या प्रत्येक ठिकाणी व्यवसायोपचाराचा सुसज्ज विभाग असेल, तर कमलाबाईंनी परळमध्ये लावलेले रोपटे खऱ्या अर्थाने खेड्यापर्यंत पोहोचेल.

फलटणमधील आठवण

कमलाबाईंच्या नावाने अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना आपल्या वार्षिक परिषदेत उत्कृष्ट शोधनिबंधाला करंडक देते. त्यांचे दुसरे स्मारक सातारा जिल्ह्यातील फलटण येथे आहे. जन्माने अमेरिकन आणि कर्माने मराठी झालेल्या भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी तेथे प्रगत शिक्षण संस्थेमार्फत १९८६ मध्ये शाळा सुरू केली. तिचे नाव कमला निंबकर बालभवन. मराठी माध्यमातून, समाजाच्या सर्व थरांतील मुलांना एकत्र शिकवणारी ही शाळा महाराष्ट्रातील शिक्षणप्रेमींना चांगली परिचित आहे.

जांबहून निघालेल्या समर्थांनी साताऱ्याच्या भूमीत प्रयत्नाचा मंत्र दिला. न्यू जर्सीहून आलेल्या कमलाबाईंचे नाव त्याच जिल्ह्यातील एका शाळेच्या दारावर आहे. दोघांत तीन शतकांचे आणि दोन खंडांचे अंतर. एकाने देवळांतून बलोपासना मांडली, तर दुसरीने रुग्णालयाच्या वॉर्डात थकलेल्या हातांना काम दिले. परंतु माणूस जोवर प्रयत्न करू शकतो तोवर तो हरलेला नसतो, ही श्रद्धा दोघांचीही.

डोक्यावर टाक्यांची खूण घेऊन महिन्यांनंतर कार्यालयात परतलेला एखादा कर्मचारी संगणक सुरू करतो, चिकटवलेली यादी पाहतो, एकेक पायरी पूर्ण करतो आणि दिवसअखेरीस पहिले पत्र छापून साहेबांच्या टेबलावर ठेवतो. बाकीच्यांच्या लेखी ते एक साधे पत्र असते. त्याच्या लेखी तो पुनर्जन्म असतो. त्या पुनर्जन्माची वाट या देशात प्रथम ज्यांनी आखून दिली, त्या कमला निंबकर यांचे स्मरण अशा प्रत्येक पत्रागणिक व्हायला हवे.